नितळ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही

पुणे शहर मुठा नदीच्या वरच्या अंगाला, खडकवासला धरणसाखळीत साठलेले पाणी पिते आणि वापरून झालेले पाणी त्याच नदीच्या खालच्या अंगाला सोडते. त्या खालच्या अंगाला दौंड आणि शिरूर हे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार या दोन तालुक्यांची लोकसंख्या साडेसात लाखांच्या घरात होती. त्यानंतर रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर आणि कुरकुंभ येथील औद्योगिक पट्ट्यांमुळे तीत मोठी भर पडली आहे. पर्जन्यछायेतील या भागात वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे पावसापेक्षा नदी, कालवा आणि विहीर यांवरच येथील जीवन अवलंबून आहे. या लोकांच्या हंड्यात येणारे पाणी कोठून येते, त्यात काय मिसळलेले असते आणि ते शुद्ध करण्याच्या प्रचलित उपायांनी काय साधते व काय साधत नाही, याचा हा आढावा.

एका तालुक्यात दोन पाणी

मुळा आणि मुठा यांचा पुण्यात संगम झाल्यानंतर मुळा-मुठा हवेली तालुक्यातून दौंडच्या दिशेने वाहते आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. तत्पूर्वी तुळापूर येथे इंद्रायणी भीमेला मिळालेली असते. पिंपरी-चिंचवड परिसराचे पाणी पवना-मुळा आणि इंद्रायणी अशा दोन्ही वाटांनी खाली येते. म्हणजे दोन महानगरांचे सांडपाणी वाहून आणणारे प्रवाह शिरूर आणि दौंड यांच्या सीमेवर एकत्र येतात. पुढे बऱ्याच अंतरापर्यंत भीमा हीच या दोन तालुक्यांची हद्द आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरविले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते आणि मुळा-मुठा, इंद्रायणी, पवना व भीमा या नद्यांचा त्यांत समावेश होता. मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील प्रदूषित पट्ट्यांची संख्या ३११ पर्यंत खाली आली. महाराष्ट्राची मात्र ५५ पर्यंत वाढली.

दौंड तालुक्याची स्थिती विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. येथे नदीच्या बरोबरीने दुसरा एक प्रवाह वाहतो, तो म्हणजे खडकवासला धरणातून निघणारा नवा मुठा उजवा कालवा. २०२ किलोमीटर लांबीचा हा कालवा पुणे शहर ओलांडून हवेली आणि दौंडमार्गे इंदापूरपर्यंत जातो. कालव्यात धरणाचे पाणी असते, तर नदीत पावसाळा सोडल्यास मुख्यतः शहराने वापरून टाकलेले पाणी असते. दौंड शहराची व अनेक गावांची तहान कालव्याच्या आवर्तनावर भागते. आवर्तन थांबले की साठवण तलावातील पाण्यावर पुढील दिवस काढावे लागतात. दिवसेंदिवस साठून राहिलेल्या पाण्यात शेवाळ वाढते, गढूळपणा येतो आणि शुद्धीकरणाचा भार वाढतो. शिवाय हा कालवा उघडा आहे आणि दाट वस्तीतून जातो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यातील दांडेकर पूल परिसरात कालव्याची भिंत फुटून शेकडो घरांत पाणी शिरले, तेव्हा वस्ती या कालव्याच्या किती जवळ आहे हे सर्वांनी पाहिले. धरणातून निघालेले पाणी कितीही चांगले असले, तरी दौंडच्या टाकीत पडेपर्यंत त्याचा प्रवास निर्धोक असतो असे म्हणता येत नाही.

तिसरा प्रवाह जुन्या मुठा उजव्या कालव्याचा, म्हणजे लोकांच्या भाषेतील 'बेबी कालव्या'चा आहे. मुंढवा येथील जॅकवेलमधून पुण्याचे प्रक्रिया केलेले सांडपाणी उचलून या कालव्याद्वारे हवेली व दौंडच्या शेतीला देण्याची योजना आहे. वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी अशा रीतीने द्यावे आणि त्या बदल्यात धरणातील पाणी शहरासाठी मिळावे, असा हा व्यवहार आहे. प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीसाठी वापरणे जगभर मान्य आहे. परंतु कालव्याचे पाणी जमिनीत मुरते आणि लगतच्या विहिरींत उतरते. प्रक्रिया अपुरी राहिली, तर शेतीसाठी दिलेले पाणी नकळत पिण्याच्या विहिरीत पोचते.

शिरूर तालुक्याचे चित्र थोडे निराळे आहे. शिरूर शहर घोड नदीच्या पाण्यावर अवलंबून आहे, पश्चिम भागाला चासकमान प्रकल्पाच्या कालव्याचा आधार आहे, तर पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई या परिसराला उन्हाळ्यातील टँकर नवा नाही. टंचाईच्या काळात टँकरचे पाणी अनेकदा गावच्या विहिरीत ओतले जाते आणि लोक पोहऱ्याने ते शेंदून नेतात. टँकर भरताना पाणी शुद्ध केलेले असले, तरी विहिरीच्या तळाशी साठलेल्या गाळात ते मिसळले की त्या शुद्धतेला अर्थ उरत नाही.

नदीची गाळणी हरवली

जुन्या काळी नदीकाठच्या गावांनी पात्रालगत विहीर खोदून पाणी घेण्याची पद्धत स्वीकारली होती, तीमागे अनुभवाचे शहाणपण होते. नदीचे पाणी वाळूच्या थरातून पाझरत विहिरीत येई. या संथ प्रवासात गाळ आणि रोगजंतूंचा मोठा भाग वाळूत अडकून पडे. शहरातील जलशुद्धीकरण केंद्रात वाळूच्या गाळण्या जे काम करतात, तेच काम नदीचे पात्र विनामूल्य करीत असे. भीमा आणि घोड या नद्यांच्या पात्रांतून वर्षानुवर्षे झालेल्या वाळूउपशाने ही नैसर्गिक गाळणी अनेक ठिकाणी खरवडून नेली आहे.

पावसाळा संपल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना ढापे बसविले जातात आणि पाणी अडते. शेतीला ते संजीवनी ठरते. पण वाहते पाणी थांबले की सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर जलपर्णी फोफावते. तिच्या हिरव्या गालिच्याखाली सूर्यप्रकाश पोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि नदीची स्वतःला शुद्ध करण्याची क्षमता मंदावते.

या भागाचा खडक हाही विचारात घ्यावा लागतो. दख्खनचा काळा पाषाण स्वतः पाणी फारसे धरत नाही. पाणी साठते ते त्याच्या झिजलेल्या वरच्या थरात आणि भेगांमध्ये. भेगेतून वाहणारे पाणी वाळूतून पाझरणाऱ्या पाण्याप्रमाणे गाळले जात नाही. शौचालयाचा शोषखड्डा, गुरांचा गोठा किंवा कारखान्याचे सांडपाणी यांतील घाण अशा भेगेतून विहिरीपर्यंत किंवा कूपनलिकेपर्यंत वेगाने पोचू शकते. कुरकुंभ आणि रांजणगाव औद्योगिक क्षेत्रांच्या परिसरातील ग्रामस्थ भूजलाविषयी वारंवार तक्रारी करीत आले आहेत, त्यामागे भूगर्भाची ही रचनाही आहे. एकदा दूषित झालेले भूजल पुन्हा स्वच्छ होण्यास वर्षे लागतात.

पाण्यातून येणारे आजार

दूषित पाण्यामुळे होणाऱ्या आजारांची यादी मराठी घरांना परिचित आहे. अतिसार, आमांश, विषमज्वर, पटकी, कावीळ आणि जंत ही त्यांतील ठळक नावे. या सर्वांचा मार्ग एकच आहे. रुग्णाच्या विष्ठेतील जंतू पाण्यात मिसळतात आणि ते पाणी निरोगी माणसाच्या तोंडी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२२ मध्ये जगातील किमान १७० कोटी लोक विष्ठेने दूषित झालेल्या स्रोताचे पाणी पीत होते, आणि अशा पाण्यामुळे होणाऱ्या अतिसाराने दरवर्षी सुमारे ५ लाख ५ हजार मृत्यू होतात. त्यात लहान मुलांचे प्रमाण मोठे आहे. लहान मुलाच्या शरीरातील पाण्याचा साठा कमी असतो. त्यामुळे मोठ्या माणसाला दोन दिवस अंथरुणावर ठेवणारी हगवण बाळाच्या जिवावर बेतू शकते. वारंवार होणाऱ्या अतिसाराने मुलाच्या आतड्याची अन्न शोषून घेण्याची शक्ती घटते आणि पुरेसे जेवूनही मूल खुरटते. कुपोषणाचे मूळ अनेकदा ताटाइतकेच पाण्याच्या पेल्यात असते.

हा धोका केवळ खेड्यापुरता आहे, असा समज जानेवारी २०२५ मध्ये पुण्यानेच खोटा ठरविला. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले आणि संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, हातापायांतील बळ जाते आणि काही रुग्णांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू व नोरोव्हायरस आढळले. पोटाच्या साध्या वाटणाऱ्या संसर्गातून माणूस अंथरुणाला कसा खिळतो, याचे ते उदाहरण होते. खडकवासला धरण ज्यांच्या उशाला आहे, त्या वस्तीलाही आपल्या पाण्याची काळजी करावी लागली, ही बाब विसरता येण्यासारखी नाही.

क्लोरीनचे काम आणि त्याच्या मर्यादा

ग्रामीण भागात पाणी शुद्ध करण्याचे सर्वांत प्रचलित साधन म्हणजे ब्लिचिंग पावडर, अर्थात 'टीसीएल'. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. अशी पाच ग्रॅम पावडर एक हजार लिटर पाण्याला पुरते. ती थेट टाकीत न फेकता बादलीभर पाण्यात कालवून, चुन्याचा साका खाली बसू देऊन, वरचे निवळ द्रावण टाकीत मिसळावयाचे असते. त्यानंतर किमान अर्धा तास थांबावे लागते, कारण जंतू मारण्यास क्लोरीनला वेळ लागतो. शेवटच्या घराच्या नळाला पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. वाटेत पाण्यात पुन्हा घाण मिसळली, तर तिचा समाचार घेण्यासाठी ही शिल्लक असते. नळाच्या पाण्याला येणारा औषधाचा सौम्य वास हा दोष समजून अनेक जण नाक मुरडतात. वस्तुतः तो वास म्हणजे पाणी सुरक्षित असल्याची पावती होय.

ही पद्धत स्वस्त आणि परिणामकारक आहे. पण ती तीन ठिकाणी फसते. पहिले म्हणजे पावडरीची साठवण. ओलसर खोलीत, तोंड उघड्या पोत्यात ठेवलेल्या पावडरीतील क्लोरीन उडून जातो. पोते तेवढेच दिसते, पण आत उरतो तो केवळ चुना. दुसरे म्हणजे गढूळपणा. मातीच्या कणांआड दडलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन पोचत नाही आणि त्याचा बराचसा भाग गाळातील सेंद्रिय पदार्थांवरच खर्ची पडतो. म्हणून आधी तुरटीने पाणी निवळणे, मग वाळूतून गाळणे आणि शेवटी क्लोरीन हा क्रम बदलता येत नाही. तिसरे म्हणजे विषाणू. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेतील वझिराबाद येथील उपसा केंद्राकडे शिरले. तेथील पाण्याला क्लोरीन दिला जात होता, तरीही सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. हिपॅटायटिस ई या विषाणूचा तो उद्रेक होता, हे पुढे साठवून ठेवलेल्या नमुन्यांच्या तपासणीतून उलगडले. गर्भवती स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ही कावीळ प्राणघातक ठरू शकते. महाराष्ट्रातही पंचगंगेकाठच्या इचलकरंजी शहराने २०१२ मध्ये काविळीची भीषण साथ अनुभवली. स्रोतात सांडपाण्याचे प्रमाण बेसुमार वाढले की अखेरीस टाकलेली पावडर सर्व चुका झाकू शकत नाही, हा या दोन्ही घटनांचा अर्थ आहे.

न दिसणारे क्षार

रोगजंतूंचा परिणाम दोन-चार दिवसांत कळतो. रासायनिक दोष मात्र वर्षानुवर्षे गुपचूप काम करतात. दौंड व शिरूरचा बागायती पट्टा उसाचा आहे. उसाला दिलेल्या युरियाचा जो भाग पीक घेत नाही, तो पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि भूजलात नायट्रेटच्या रूपाने साठतो. सांडपाणी आणि शेणखताचे खड्डे त्यात भर घालतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये, अशी मर्यादा भारतीय मानकाने घातली आहे. ती ओलांडलेले पाणी वरच्या दुधात मिसळून तान्ह्या बाळाला दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार महाराष्ट्रातून घेतलेल्या भूजल नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत नायट्रेट या मर्यादेपेक्षा जास्त आढळले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट आणि अन्य क्षार मात्र तसेच राहतात. उलट, वाफ उडून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण किंचित वाढते. तुरटी आणि ब्लिचिंग पावडर यांचाही क्षारांवर परिणाम होत नाही. त्यासाठी पाणी बदलणे किंवा आरओ यंत्रणा बसविणे हेच मार्ग उरतात.

क्षारयुक्त, मचूळ पाण्याला कंटाळलेल्या अनेक गावांत नाणे टाकून पाणी देणारी आरओ केंद्रे उभी राहिली आहेत. त्यांचा उपयोग आहे. परंतु ती सर्व प्रश्नांचे उत्तर नव्हेत. पडदा वेळेवर बदलला नाही, तर यंत्र केवळ शोभेचे ठरते. शुद्ध केलेल्या प्रत्येक लिटरमागे कित्येकदा दोन-तीन लिटर क्षारयुक्त पाणी बाहेर टाकले जाते आणि टंचाईच्या गावाला ते परवडणारे नाही. शुद्ध झालेल्या पाण्यात क्लोरीनची शिल्लक नसल्याने अस्वच्छ हंड्यात भरताच ते पुन्हा दूषित होऊ शकते. औद्योगिक पट्ट्यातील भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांना विकल्या जाणाऱ्या सुट्या थंड पाण्याच्या जारबाबतही हेच म्हणता येईल. पाणी गार आहे म्हणून ते शुद्ध ठरत नाही.

नळातील पोकळी

पाणी शुद्धीकरण केंद्रातून उत्तम निघाले, तरी घरात पोचेपर्यंत ते बिघडू शकते. गावांत व उपनगरांत नळ दिवसातून तास-दोन तास किंवा दिवसाआड येतो. उरलेल्या वेळात वाहिनी रिकामी असते. पाण्याचा दाब संपला की वाहिनीत पोकळी निर्माण होते आणि फुटलेल्या सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. त्या सांध्याशेजारी गटार असेल, तर गटाराचे पाणी नळात शिरते. नळाला थेट विद्युत मोटार जोडून पाणी खेचणारे घर ही पोकळी अधिकच वाढविते आणि त्याची शिक्षा संपूर्ण आळीला होते. नळ सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे गढूळ किंवा वासाचे पाणी येते, त्याचे कारण बहुधा हेच असते. ते पाणी पिण्यासाठी भरू नये. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेले पाणी आणि गटारातून ओढलेली जोडणी या किरकोळ वाटणाऱ्या बाबी असल्या, तरी अनेक साथींची सुरुवात अशाच ठिकाणी होते.

नळच नसलेल्यांची स्थिती याहून बिकट आहे. ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातून व अन्य भागांतून आलेली कुटुंबे फडाशेजारी कोप्या घालून चार-पाच महिने राहतात. कालवा, शेतातील विहीर किंवा पाटाचे पाणी हाच त्यांचा स्रोत असतो. पाणीयोजनेच्या कागदावर त्यांची मोजदाद होत नाही आणि एक दिवस आजारी पडल्यास त्या दिवसाची मजुरी बुडते.

नारूचा धडा

पाणी सुधारल्याने आजार कसा हटतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. हातभर लांबीचा कृमी कातडीतून बाहेर येत असे, तो नारू जुन्या पिढीला चांगला आठवत असेल. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत तो होता. पायऱ्यांच्या विहिरीत रुग्णाने पाय बुडविले की कृमीची पिल्ले पाण्यात उतरत, सूक्ष्म पाणकिड्यांत वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात जात. नारूवर लस नव्हती आणि खात्रीचे औषधही नव्हते. तरीही पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे किंवा बदलणे, हातपंप बसविणे, पाण्यात औषध टाकणे आणि पाणी कापडातून गाळणे या उपायांनी तो हटला. १९९६ मध्ये शेवटचा रुग्ण आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

बांगलादेशातील खेड्यांत झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळणाऱ्या कुटुंबांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे दिसले. गाळणे पुरेसे नसले, तरी निरर्थक मुळीच नाही.

ग्रामपंचायत ते प्रयोगशाळा

शुद्ध पाणी ही कोणाची कृपा नाही. प्रदूषणमुक्त पाणी हा घटनेच्या कलम २१ नुसार जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात म्हटले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क मानला. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन अभियान जाहीर करून ग्रामीण भागातील प्रत्येक घराला नळाद्वारे माणशी दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. मूळ मुदत २०२४ ची होती. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढविण्यात आली.

राज्यात गावपातळीवरही यंत्रणा आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात क्लोरीन मिसळतो आणि त्याची नोंद ठेवतो. वर्षातून दोनदा स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन धोक्याच्या तीव्रतेनुसार गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राखणाऱ्या आणि साथ न आलेल्या गावाला चंदेरी कार्ड मिळते. स्रोतांची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी दोनदा अपेक्षित आहे. जलजीवन अभियानात प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या व्यवस्थेत आणखी एक साधे साधन आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात विकसित झालेल्या चाचणीत बाटलीत पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवतात. ते काळे पडले, तर त्यात विष्ठेतील जंतू असण्याची दाट शक्यता असते. प्रयोगशाळेचा अहवाल समजण्यास जड जातो. काळी पडलेली बाटली मात्र ग्रामसभेत कोणालाही दाखविता येते.

घरात काय करावे

पाणी खळखळ उकळू लागल्यावर किमान एक मिनिट तसेच उकळू द्यावे आणि झाकून गार करावे. उकळणे शक्य नसेल, तर दुहेरी-चौहेरी स्वच्छ कापडातून गाळून आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या वा द्रावण सूचनेप्रमाणे वापरावे. पाणी झाकलेल्या भांड्यात ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने किंवा तोटीच्या माठातून घ्यावे. हंड्यात बुडविलेला पेला आणि त्यासोबतची बोटे सकाळपासून केलेली सारी खबरदारी क्षणात वाया घालवितात. शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे हा याच उपायाचा भाग समजावा. अतिसार झाल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे-थोडे पाजत राहावे आणि मूल मलूल झाल्यास किंवा लघवी कमी झाल्यास विनाविलंब दवाखाना गाठावा.

शहराचे देणे

घरातील ओगराळे आणि गावातील टीसीएल या शेवटच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांत आहे. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या अर्थसाह्याने सुमारे ९९० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला आणि जानेवारी २०१६ मध्ये कर्जाचा करार झाला. एकूण ३९६ दशलक्ष लिटर दैनंदिन क्षमतेची ११ केंद्रे त्यातून उभी राहावयाची होती. ठरलेल्या मुदतीत ते काम पूर्ण झाले नाही. शहरातील नदीकाठ सुशोभित होईल की नाही, या चर्चेत पुणेकरांचा बराच वेळ जातो. या केंद्रांतून बाहेर पडणारे पाणी कसे आहे, हा प्रश्न नदीकाठच्या बाकांइतका आकर्षक नसेल. पण खाली राहणाऱ्यांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे.

शहरालाही यातून सुटका नाही. दौंड आणि शिरूरच्या शेतांतील पालेभाज्या आणि गोठ्यांतील दूध दररोज पहाटे पुण्याच्या बाजारात येते. नदीत सोडलेले पाणी भाजीच्या जुडीवरून स्वयंपाकघरात परत येऊ शकते. भीमा पुढे उजनी धरणात जाते आणि तेथून सोलापूरकरांची तहान भागविते. म्हणजे या साखळीत दौंड हे शेवटचे गाव नाही, मधले आहे.

म्हणून प्रत्येक नागरिकाने काही साधे प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. ग्रामस्थांनी ग्रामसभेत विचारावे, की आपल्या गावाला कोणत्या रंगाचे कार्ड आहे, साठ्यातील पावडरीत किती टक्के क्लोरीन उरला आहे आणि शेवटच्या तपासणीची तारीख कोणती आहे. शहरवासीयांनी आपल्या नगरसेवकास विचारावे, की आपल्या प्रभागाचे सांडपाणी कोणत्या केंद्रात जाते आणि तेथून ते कोणत्या अवस्थेत नदीला मिळते. पहिल्या प्रश्नांची उत्तरे शिरूर-दौंडच्या कार्यालयांत मिळतील. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र पुण्यातच शोधावे लागेल, आणि ते मिळेपर्यंत खालच्या गावांतील विहिरींचे पाणी कितीही नितळ दिसले, तरी ते तपासूनच प्यावे लागेल.